वडिलांच्या जाड अक्षरांचा फॉन्ट करायचा आहे, सुरुवात कुठून करावी आणि तो चालेल कुठे?

आरमोरीकडच्या एका ताईंनी विचारलं आहे की, त्यांच्या वडिलांनी तीस वर्षं भिंती, दुकानांच्या पाट्या आणि नाटकांचे बोर्ड रंगवले. आता खांदा साथ देत नाही. त्यांची ती ठसठशीत, जाड अक्षरं फॉन्टमध्ये उतरवायची आहेत. मोबाइलमध्ये चाळीसेक भिंतींचे फोटो आहेत. किती अक्षरं काढावी लागतील, काय सांभाळावं लागेल आणि झाल्यावर असा फॉन्ट वापरणार कोण, असा प्रश्न आहे.

ताई, मीही पेंटर. वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यात अठरा वर्षं भिंती रंगवल्या, फ्लेक्स आल्यावर कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकलो आणि पुढे फॉन्टच्या कामाला लागलो. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण आपल्या भागातल्या पेंटरांचं अक्षर पावसाबरोबर धुऊन चाललंय आणि ते कोणी कागदावर धरून ठेवलेलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फोटोंबद्दल. ते जपून ठेवा, पण फक्त त्यांच्यावरून फॉन्ट होणार नाही. भिंतीवरचं अक्षर त्या भिंतीपुरतं असतं. तुमचे बाबा निळीत बुडवलेला दोरा भिंतीवर मारून वरची-खालची रेघ घेत असतील, मग बोटाने अक्षरं मोजत असतील: ‘कृषी सेवा केंद्र’ बारा फुटांत बसवायचं आहे, मध्ये खिडकी आहे, म्हणून ‘सेवा’ जरा आवळायचं आणि ‘केंद्र’ मोकळं सोडायचं. ही अक्कल हातात असते. फॉन्टला भिंत दिसत नाही. त्यातला ‘क’ कोणाच्याही शेजारी, कोणत्याही मापात तसाच उभा राहणार. म्हणून बाबांना टेबलाशी बसवून अक्षरं नव्याने काढून घ्या. तीन-चार इंच उंचीची, ड्रॉइंग शीटवर, त्यांच्याच सवयीच्या चपट्या ब्रशने, काळ्या पोस्टर कलरमध्ये. खांदा दुखतो म्हणता, तर दिवसाला चार-पाच अक्षरं पुरेत. फोटो समोर ठेवा, म्हणजे तरुणपणीचं वळण त्यांना आठवेल.

आता मुख्य गोष्ट. जाड अक्षर काढणारा नवा माणूस काळ्याकडे बघतो, रेघ किती जाड झाली ते मोजतो. जाड अक्षर उभं राहतं ते आतल्या पांढऱ्यावर. रेघ जाड करत गेलं की अक्षराच्या पोटातली जागा मिटत जाते आणि आपली देवनागरी तर त्या बारीक जागांवरच ओळखली जाते. ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक काय? ‘ध’च्या डोक्यावर डावीकडे शिरोरेषा तुटलेली असते आणि तिथे एक छोटी गाठ वळलेली असते. तेवढीच.

हे मी नुकसान करून शिकलो. फ्लेक्स नवीन असताना एका धान खरेदी केंद्राचा मोठा बोर्ड केला होता. अक्षर जाड हवं म्हणून सगळ्यात जाड फॉन्ट घेतला आणि वरून चांगली जाड लाल आउटलाइन दिली. स्क्रीनवर झकास दिसत होतं. बोर्ड वर चढला, मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. बंडी घेऊन आलेला एक म्हातारा शेतकरी थांबला आणि त्याने मोठ्याने वाचलं, “घान खरेदी केंद्र?” पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीबोलीत आपण ‘ण’चा ‘न’ करतो. त्यामुळे आमच्याकडे ‘घान’ म्हणजे सरळ घाणच. आउटलाइनने ‘ध’ची गाठ भरली होती आणि शिरोरेषेतली फट बुजली होती. बोर्ड उतरवला, पदरच्या पैशाने दुसरा केला. तेव्हापासून कोणतंही जाड अक्षर हाती आलं की मी आधी ‘ध’, ‘भ’ आणि ‘थ’ बघतो. या तिघांची शिरोरेषेतली फट मी अक्षराच्या उभ्या दंडाच्या निम्म्या जाडीहून कमी ठेवत नाही. त्यांच्या पाठोपाठ ‘ख’. त्याचा ‘र’ आणि ‘व’ खाली नीट जुळले नाहीत तर ‘खत’ लांबून ‘रवत’ वाचलं जातं, आणि आपल्या भागात भिंतीवर ‘खत’ हा शब्द किती वेळा येतो हे तुम्हाला सांगायला नको.

पांढरं राखायचं तर कुठेतरी जाडी सोडावी लागते. ती आडव्या रेघांतून सोडायची. उभा दंड आणि आडवी शिरोरेषा मोजून सारख्या जाडीच्या काढल्या तर डोळ्याला शिरोरेषाच जाड वाटते. फॉन्टचं अक्षर ज्या चौकटीत आखतात तिची उंची हजार एकक धरली, तर माझ्या फॉन्टमध्ये दंड १८० असेल तर शिरोरेषा ११५-१२० असते. गाठी त्याहून बारीक. बाबांच्या अक्षरात हे आपसूक आलेलं असेल, मोजून बघा. चांगल्या पेंटरचा हात हे न मोजता करतो, म्हणूनच त्याचं जाड अक्षर बोजड दिसत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘मोदक’ हा फॉन्ट आहे, तो जरूर बघा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेतल्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो केला आणि तो मोफत मिळतो. त्याची सुरुवात हाताने काढलेल्या स्केचमधून झाली. त्यात अक्षरं इतकी फुगलेली आहेत की पोटातली जागा केवळ केसाएवढी उरते, आणि तरी प्रत्येक अक्षर ओळखू येतं, कारण ती केसाएवढी रेघ नेमकी जिथे हवी तिथेच ठेवली आहे. मी तो मोठा करून छापून भिंतीला लावला होता आणि नुसती पांढरी रेघ पेन्सिलने गिरवत बसायचो. तुम्हीही करा. शंभर गोष्टी कळतील.

किती अक्षरं लागतील? मराठीपुरता हिशेब असा: स्वर ‘ॲ’, ‘ऑ’ धरून १३, व्यंजनं ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ धरून ३६, अंक १०, मात्रा-वेलांट्या-उकार-अनुस्वार वगैरे पंधराएक, अर्धी अक्षरं पंचवीसेक, ‘र’ची चार रूपं, आणि ‘द्ध’, ‘द्य’, ‘ह्म’, ‘ठ्ठ’, ‘श्र’, ‘त्र’ अशी स्वतंत्रच काढावी लागणारी जोडाक्षरं पंचवीस-तीस. विरामचिन्हं धरून दीडशेच्या आत काम होतं. मोठ्या संस्थांच्या फॉन्टमध्ये यापेक्षा कितीतरी पट आकार असतात, त्याने घाबरू नका. दीडशेपैकी बाबांनी स्वतः ब्रशने काढायची ती साठ-सत्तर. बाकीची त्यांच्याच तुकड्यांतून जुळवता येतात.

पण तीन ठिकाणी तुकडे जुळवून भागत नाही.

एक म्हणजे ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातला ‘र’. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या कितीतरी फॉन्टमध्ये तो नसतोच. मग बॅनरवर ‘शेतकर्यांसाठी’ असं रफार देऊन छापलं जातं आणि वाचणारा अडखळतो. विदर्भातल्या भिंतीवर सगळ्यात जास्त लिहिला जाणारा हा शब्द, तोच चुकीचा. तुमच्या फॉन्टमध्ये तो चंद्रकोरीसारखा ‘र’ बाबांच्या हातचाच हवा. पुढच्या ‘य’ला तो चिकटतो कसा, हे ते ब्रशने करून दाखवतील. तसंच ‘ॲग्रो एजन्सी’मधला ‘ॲ’ हाही वेगळा आकार आहे, ‘अ’वर चंद्र टेकवून मोकळे होऊ नका. जाड अक्षरात तो चंद्र शिरोरेषेवर बसताना दबतो, त्याला थोडं उचलून घ्यावं लागतं.

दुसरं म्हणजे ‘ल’ आणि ‘श’. मराठी वळणाचा ‘ल’ दोन पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात हीच वळणं ठरवली. बाबा याच वळणाने लिहीत असणार, म्हणून त्यात काही बदलू नका. कोणी सांगेल की हिंदी ‘ल’ दिला तर फॉन्ट जास्त ठिकाणी चालेल. द्यायचा असेल तर जोडीला द्या, पण मूळ जागा मराठी ‘ल’ची.

तिसरं, पहिली वेलांटी. भिंतीवर ‘कि’ लिहिताना हात वेलांटी लांब ओढतो, ‘रि’ला आखूड घेतो. फॉन्टमध्ये एकच वेलांटी ठेवली तर ‘कि’वर ती अर्ध्यात थांबते आणि ‘रि’वर पुढच्या अक्षरावर जाऊन पडते. निदान चार रुंदीच्या वेलांट्या काढून घ्या आणि कोणत्या अक्षराला कोणती हे फॉन्टमध्येच सांगून ठेवा.

शिरोरेषेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हाताने काढलेल्या फॉन्टचा जीव तिथे आहे आणि फजितीही तिथेच होते. ब्रशने मारलेली शिरोरेषा कधी सरळसोट नसते, किंचित हलते, आणि ती हलतेय म्हणूनच माणसाची वाटते. ती पट्टीने सरळ केली तर बाबांचं अक्षर गेलं. पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्याला जुळायला हवी. उपाय असा: रेघेची दोन्ही टोकं सगळ्या अक्षरांत एकाच उंचीवर, एकाच जाडीची ठेवा, आणि हलणं फक्त मध्ये राहू द्या. शिवाय प्रत्येक टोक अक्षराच्या रुंदीच्या बाहेर वीसेक एकक पुढे काढा, म्हणजे अक्षरं एकमेकांवर थोडी चढतात आणि मध्ये पांढरी चीर दिसत नाही. मात्र फ्लेक्सवाला आउटलाइन देतो तेव्हा हीच चढलेली टोकं प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर उभी रेघ दाखवतात. त्याला सांगून ठेवा, आधी सगळा शब्द वेल्ड कर, म्हणजे अक्षरं जोडून एकच आकार कर, मग आउटलाइन दे. मी फॉन्टसोबत एक पानाची सूचना देतो, तिच्यात पहिली ओळ हीच असते.

आणखी एक गोष्ट, जी नुसत्या स्कॅनने कधीच येत नाही. पेंटरने ‘काका’ लिहिलं तर दोन ‘का’ सारखे नसतात. फॉन्टमध्ये मात्र दोन्ही हुबेहूब उमटतात आणि मशीनचं काम आहे हे क्षणात कळतं. बाबांकडून ‘क’, ‘र’, ‘त’, ‘न’, ‘स’, ‘म’ आणि काना हे तीन-तीन वेळा काढून घ्या. फॉन्टमध्ये नियम घालता येतो की, लागोपाठ तेच अक्षर आलं तर दुसरं रूप घे. पतली, नाजूक अक्षरं असतील तर हे फारसं लक्षात येत नाही. जाड अक्षरांत लगेच दिसतं.

संगणकाचं काम त्यामानाने सरळ आहे. स्कॅन करा, इंकस्केप या मोफत चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आणा, पण ऑटो ट्रेसवर, म्हणजे त्याने आपोआप आखलेल्या कडेवर, विसंबू नका. तो एका वळणाला पन्नास बिंदू टाकतो. आकार हाताने पुन्हा आखा, बिंदू वळणाच्या टोकांवर आणि जमेल तितके कमी. मग फॉन्ट बांधायला फॉन्टफोर्ज, तेही मोफत आहे. अक्षरं युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराच्या ठरलेल्या क्रमांकावरच, बसवा. जुन्या डीटीपी फॉन्टांसारखी इंग्रजी कळांवर बसवाल तर मोबाइलवर कोणाला चालणार नाही. ज्या दुकानात जुनं कोरल आहे तिथे युनिकोड मराठी तुटतं, तिथे मजकूर दुसरीकडे जुळवून कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, द्यावा लागतो.

चाचणीसाठी माझा शब्द ठरलेला आहे, ‘ब्रह्मपुरी’. पायातला र, ‘ह्म’, उकार, दुसरी वेलांटी, सगळं एका शब्दात येतं. दुसरा ‘शुभेच्छुक’, कारण बॅनर त्याच्याशिवाय होत नाही आणि जाड ‘छ’ला उकार लागला की खाली चिखल होतो. आणि ‘उद्घाटन’, ‘हार्दिक’, ‘विठ्ठल’.

आता वापरणार कोण? माझं स्पष्ट मत आहे की पहिला हक्क झाडीपट्टी नाटकांचा. दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया म्हणजे जत्रा सुरू झाल्या की वडशातून नाटक मंडळ्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावागावांत रात्र रात्र प्रयोग करतात. पोस्टर पानठेल्यावर, एसटी थांब्यावर, गिरणीच्या दारावर लागतं. लोक ते उभं राहून वाचत नाहीत, सायकलवरून, ट्रॅक्टरवरून जाताना बघतात. त्यात नाटकाचं नाव हेच चित्र असतं. मुंबईच्या नाट्यसृष्टीत कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींसाठी नाटकांची नावं अशी काढली की नाव वाचताच नाटकाचा पिंड कळावा. आपल्याकडे ते काम पेंटरांनी केलं, फक्त त्यांची नावं कुठे नोंदली गेली नाहीत. आज बहुतेक पोस्टरांवर तोच तो तयार फॉन्ट, त्याला सोनेरी शेड आणि आग लावलेली असते. बाबांचा फॉन्ट तिथे गेला तर नाटकाचं नाव पुन्हा इथल्या हातचं दिसेल. एक सांभाळा: नावाला जाड फॉन्ट, कलावंतांची नावं, गाव, तारीख साध्या अक्षरात. सगळंच जाड केलं की नाव दिसेनासं होतं.

मापासाठी माझा अंदाज सोपा आहे: दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर एक इंच, पन्नास फुटांवरून पाच इंच. मोजायचं शिरोरेषेपासून पायापर्यंत, मात्रा-उकार धरायचे नाहीत. आणि गडद रंगावर पांढरं किंवा पिवळं अक्षर असेल तर ते आहे त्यापेक्षा फुगलेलं दिसतं, तेव्हा पोट अजून मोकळं हवं. जमलं तर अशा कामासाठी थोडं कमी जाडीचं एक रूप वेगळं करून ठेवा.

दुसरं गिऱ्हाईक रेडियमवाले. ट्रॉलीच्या मागे, मोटरसायकलवर, दुकानाच्या काचेवर नावं कापून चिकटवणारे. जाड अक्षर त्यांना आवडतं, कारण ते उखडत नाही. पण ब्रशच्या खरखरीत कडा तशाच ठेवल्यात तर प्लॉटरचं, म्हणजे कापणाऱ्या मशीनचं, पातं सतत वरखाली होतं आणि कोपरे फाटतात. त्यांच्यासाठी गुळगुळीत कडांची फाइल वेगळी द्या. पोटातली फट दोन मिलिमीटरहून बारीक झाली तर ती टोकदार हत्याराने काढताना कारागीर वैतागतो आणि पुन्हा तुमचा फॉन्ट घेत नाही.

तिसरा उपयोग कोणाच्या डोक्यात येत नाही, तो म्हणजे राइस मिल. बारदान्यावर मिलचं नाव आणि तांदळाचा वाण छापायला पत्र्याचा स्टेन्सिल असतो. शिरोरेषेमुळे ‘प’, ‘म’ यांची पोटं चारी बाजूंनी बंद होतात, पत्रा कापला की ती पोटं गळून पडतात. त्यासाठी प्रत्येक अक्षरात पट्टी सोडून दुवा ठेवावा लागतो. तीस वर्षांत बाबांनी एखाद्या मिलचा स्टेन्सिल कापला असणारच. त्यांना विचारा, दुवा कुठे सोडायचे, शिरोरेषेखाली की दंडाला लागून. त्या उत्तरावर फॉन्टचं एक स्टेन्सिल रूप उभं राहील आणि ते रूप मराठीत फार थोड्यांनी केलं आहे.

लग्नपत्रिकेत फक्त नावांना वापरा. ग्रामपंचायतीची सूचना, फवारणीच्या औषधाचं प्रमाण, दवाखान्याची वेळ, अशा मजकुराला हा फॉन्ट अजिबात लावू देऊ नका. तिथे एक अंक चुकीचा वाचला तर माणसाचं नुकसान होतं.

फॉन्टला बाबांचं नाव द्या. हनीफ कुरेशी यांनी देशभरातल्या पेंटरांची अक्षरं फॉन्टमध्ये आणायचं काम केलं, त्यात फॉन्ट पेंटरांच्याच नावाने ओळखले गेले. कॅथरिन ली श्मिट यांनी मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून ‘यात्रा वन’ केला, तोही बघण्यासारखा आहे, पण त्या पाट्या रंगवणारे हात कोणाचे ते आपल्याला ठाऊक नाही. तुमच्या बाबतीत हात घरातलाच आहे. परवाना मोफत द्यायचा की विकत, हे बाबांशी बसून ठरवा. मोफत द्यायचा असेल तर ओपन फॉन्ट लायसन्स घ्या. त्यात फॉन्ट कोणीही वापरू शकतो, बदलूही शकतो, पण नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही, आणि मूळ नाव तुम्ही राखून ठेवलंत तर बदललेल्या फॉन्टला ते लावता येत नाही.

या आठवड्यात एवढंच करा: बाबांकडून ‘ध’, ‘भ’, ‘थ’, ‘ख’, ‘छ’ आणि ‘ऱ्या’ काढून घ्या. कागद घरासमोरच्या भिंतीला चिकटवा, तीस-चाळीस फूट मागे जा आणि डोळे किलकिले करून बघा. पोटं मिटलेली दिसली तर बाबांना दाखवा. ते ब्रश घेऊन पांढऱ्या रंगाने कुठे कापतात ते नीट बघून ठेवा, जमलं तर त्याचा व्हिडिओ घ्या. हा हात चालताना तुमच्याजवळ राहिला पाहिजे.